हौगांगमधलं सूतिकागार

बाई, तुम्ही आम्हाला प्राचीन वैद्यक शिकवलंत त्याला चाळीस वर्षं होत आली, आणि त्यातलं एक प्रकरण मला या महिन्यात उपयोगी पडलं. संस्कृत एम.ए.च्या त्या वर्गात आम्ही सात जण होतो, सगळे मुलगे. तुमचं लग्न झालेलं नव्हतं. सूतिकागाराचं, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीचं प्रकरण सुरू झालं तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी खुदखुदलं. तुम्ही पुस्तक मिटलंत. "तुम्ही सगळे झाडावरून पडलात का रे?" एवढंच म्हणालात आणि पुन्हा उघडलंत. मी त्यावर निबंध लिहिला. त्या खोलीत काय काय असावं याची यादी केली: तूप, तेल, मोहरी, हिंग, पिंपळी, सुंठ, विस्तव, पाण्याचे घडे. एकही वस्तू सुटली नव्हती. तुम्ही मला घरी बोलावलंत. तुम्ही पोळ्या लाटताय, निबंध डब्याला टेकवून वाचताय, मी दारात उभा. "खोली छान लावलीस," तुम्ही म्हणालात. "पण तिच्याशी बोलायला कुणी ठेवलंस का?" जुन्या वैद्यांनी औषधांच्या बरोबरीनं लिहून ठेवलं होतं, की तिच्याभोवती बाळंतपणं काढलेल्या, मायेच्या, गोड बोलणाऱ्या बायका असाव्यात आणि त्यांनी तिला धीर द्यावा. मी ते गाळलं होतं. मला ते औषध वाटलं नव्हतं.

सध्या मी सिंगापूरला, हौगांगमध्ये मुलीच्या फ्लॅटवर आहे. बाळंतपणाला यायची होती हिची आई, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. "तुम्ही जाऊन काय करणार, पेपर वाचणार?" असं ती म्हणाली, म्हणून मी डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि ओवा बॅगेत भरून विमानात बसलो. येऊन पाहतो तर जावयानं एक चिनी आंटी ठरवलेली. अठ्ठावीस दिवस बाळंतिणीपाशी राहायचं, हा इथला रिवाज. आंटी साठीची, बुटकी, आणि शेगडीवर तिचा ताबा. आलं, तिळाचं तेल, लाल खजुरांचा चहा. तिनं माझ्या अळिवाचा वास घेतला आणि इथल्या सवयीप्रमाणे वाक्याला शेवटी 'ला' जोडून म्हणाली, "अंकल, धिस वन टू कूलिंग, ला." मी म्हटलं, "नो नो, व्हेरी हॉट." तिच्या शास्त्रातही पदार्थ उष्ण आणि थंड असतात हे कळल्यावर मला आनंद झाला, पण तिची आणि माझी एकही गोष्ट एका बाजूला पडेना. एका वाऱ्यावर मात्र आमचं जमलं. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. दोन प्राचीन संस्कृतींनी मिळून एसी बंद केला, पंखा बंद केला, खिडकी लावली, आणि समाधानानं एकमेकींकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी नर्सनं सांगितलं की बाळाचं वजन हवं त्यापेक्षा जास्त उतरलंय, दूध पुरत नाही, आईनं जेवलं पाहिजे. आम्ही दोघं दोन वाट्या घेऊन धावलो. मुलगी घामानं निथळत होती. तिनं दोन्ही वाट्या सरकवल्या. "बाबा, पंखा लावा. नाहीतर उद्याच्या विमानानं तुम्ही जा, आंटींनाही मी आजच सांगते." मी अळिवाचे गुण सांगायला लागलो. ती म्हणाली, "चार दिवस तुम्ही दोघं स्वयंपाकघरात भांडताय. मला ते सगळं कसं गेलं, हे विचारलंय एकानं तरी?"

मी पंखा लावला. खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "सांग." आंटीही कपड्यांची टोपली उलटी घालून बसली. मुलगी तासभर बोलत होती. कळा थांबेनात तेव्हा तिनं नवऱ्याला अस्सल मराठीत शिव्या घातल्या, आणि डॉक्टरबाईंना वाटलं मंत्र म्हणतेय, म्हणाल्या, "गुड, गुड, कंटिन्यू." मग रडली. घाबरले होते, म्हणाली. आंटीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण योग्य जागी तिची मान हलत होती. मधेच ती म्हणाली, "मी, फोर टाइम. नंबर टू, इन टॅक्सी! ड्रायव्हर क्राय मोअर दॅन मी." मुलगी हसली, टाके दुखले म्हणून ओरडली, पुन्हा हसली. बोलता बोलता दोन्ही वाट्या रिकाम्या झाल्या. कुठल्या वाटीनं काम केलं यावर आमचं अजून एकमत नाही. पण दहाव्या दिवशी बाळाच्या वजनाचा काटा वर सरकला होता, आणि माझं तिकीट कोणी बदललं नाही.

आता सकाळची शेगडी माझी, दुपारची आंटीची. काल भांडी विसळताना तिनं विचारलं, "अंकल, हू टीच यू? वाइफ?" मी म्हटलं, "माय मदर." कॉलेजातल्या, मूल नसलेल्या प्राध्यापकबाईंनी शिकवलं असं सांगितलं असतं, तर तिनं मला पुन्हा शेगडीपासून हाकललं असतं. "युअर मदर टीच गुड," ती म्हणाली. मी येस म्हणालो. आतून मुलगी ऐकत होती. तिच्या आजीनं मला कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही हे तिला ठाऊक आहे, पण तिनं आंटीला तसंच समजू दिलं. हे पत्र टपालात टाकायचं नाही, म्हणून लिहितो: येस म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे आई नव्हती.