ह्यांची बटणं

८ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

आज ऑफिसला गेले. सतरा दिवसांनी. शाळा सोडल्याचे चार दाखले लिहिले. मुख्याध्यापक म्हणाले, "घाई नव्हती हो." मी म्हणाले, "हो." डबा खाल्ला. साडेपाचच्या रेवदंडा गाडीने घरी.

आल्या आल्या हात धुतले आणि सरळ मधल्या खोलीत गेले. ह्यांना कुशीवर वळवायचं होतं ना — दर दोन तासांनी. खाट रिकामी. चादरसुद्धा नाही!

सासूबाईंनी दारातून पाहिलं.

१० ऑक्टोबर

खाट आणि हवेची गादी अलिबागला परत करायची आहे. त्यासाठी पावती शोधत होते. हॉस्पिटलची फाईल उघडावी लागली. कागद तारखेप्रमाणे लावून ठेवले. सवयच आहे.

गेल्या डिसेंबरच्या सहा तारखेचा, म्हणजे हे पोफळीवरून पडले त्या दिवसाचा मानेचा रिपोर्ट. तेव्हा वाचायला वेळ कुठे होता! आज वाचला. 'ताजी इजा' हे शब्द कळले. त्याच्या खाली आणखी एक ओळ आहे, त्यात 'जुना दाब' असं काहीतरी आहे. जुना म्हणजे?

११ ऑक्टोबर

ती ओळ पुन्हा वाचली. तशीच आहे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अलिबागला जाऊन गादी परत केली. मग रचना मॅडमना भेटले. नऊ महिने ह्यांचे हातपाय हलवायला आठवड्यातून दोनदा घरी यायच्या त्या. फाईल नेली होती.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मेंदूतून एक दोर खाली येतो, करंगळीएवढा जाड. मज्जारज्जू. मणक्यांच्या पोकळीतून कमरेपर्यंत. मानेत सगळ्यांत वरून श्वासाच्या पडद्याची नस निघते. तिच्याखाली खांद्याची, कोपराची, त्याखाली बोटांची. दोर जिथे चिरडतो, तिथून खालचं सगळं गप्प. म्हणून ह्यांचा खांदा उचलायचा, कोपर वाकायचा, पण बोटं नाहीत. श्वास चालायचा, पण खोकायला पोटाचा जोर नाही. शेवटी कफानेच गेले.

आमच्या ऑफिसच्या भाषेत — जावक होते, पण पुढच्या टेबलावर आवक होत नाही.

मग मी ती ओळ दाखवली. मॅडमनी ती दोनदा वाचली. म्हणाल्या, "पडायच्या आधीपासून दोर दाबला जात होता. ह्यांची पोकळीच अरुंद दिसते. आधी काही जाणवलं होतं का हो? बोटं जड पडणं, बटणं न लागणं, चप्पल पायातून निसटणं? दुखत नाही ना, म्हणून लोक येतच नाहीत आमच्याकडे."

मी म्हणाले, "नाही."

एवढंच म्हणाले आणि फाईल बंद केली.

१६ ऑक्टोबर

इथे तरी लिहायला हवं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हे रोज सकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहायचे. हनुवटी वर करून. मी शर्टाची बटणं लावायची. लग्नाला सोळा वर्षं, इतके जवळ कधी उभे राहिले नव्हते. मला बरं वाटायचं. म्हणून विचारलं नाही.

एके दिवशी स्वतःच म्हणाले, "बोटांत मुंग्या येतात गं. आईला बोलू नको. वाडीत कळलं तर दर झाडाला उतरायला लावतील मला."

आमच्या घरचे एका पोफळीवर चढले की सगळी रांग संपवूनच उतरतात. झाड झुलवायचं आणि पुढचा शेंडा पकडायचा. दर झाडाला उतरून पुन्हा चढतो तो रोजावरचा माणूस, असं चौलमध्ये म्हणतात. सासरे तसेच जायचे, हे तसेच, रितेश भाऊजी तसेच. पुढचा शेंडा बोटांनीच पकडायचा असतो.

मी म्हणाले, "बरं."

सहा डिसेंबरला मी बटणं लावली आणि हे वाडीत गेले. नवव्या झाडावरून दहाव्यावर जाताना पडले. सगळे म्हणाले, खोड ओलं होतं. मीसुद्धा तेच सांगत आले.

२४ ऑक्टोबर

आज चहाच्या वेळी भाऊजींच्या हातातून कप पडला.

पूनम, माझी जाऊ, हसली, "आज तिसरा! आता तुम्हाला स्टीलच्या पेल्यात देते, लहान मुलासारखा."

भाऊजीही हसले. मी फरशी पुसली. काचा वेचताना माझ्याच बोटाला लागलं. कळलं मला. दुखलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

मुद्दाम बघते आहे. बघायला नको वाटतं, तरी बघते.

भाऊजी हल्ली शर्ट घालत नाहीत. डोक्यातून घालायचे टीशर्ट. शेतसाऱ्याच्या कागदावर सही केली ती वेगळीच. आणि आज विहिरीवरून येताना एक चप्पल मागेच राहिली. दहा पावलं तसेच आले! पूनमने ओरडून सांगितलं तेव्हा खाली पाहिलं.

ह्यांचा सख्खा भाऊ. एकाच आईची हाडं.

१ नोव्हेंबर

दिवाळी नाही यंदा. शेजारच्या तुळशीरामकाकांनी करंज्या आणून दिल्या. दुखवट्याच्या घरी तळण करत नाहीत, म्हणून.

करंजी खाता खाता म्हणाले, "मग रितेश, यंदा रांग तुझी एकट्याची रे. चांगदेव गेला."

"जाईन की काका. अकरा तारखेला नारळ फोडून चढतो."

मी म्हणाले, "भाऊजी, एकदा हात डॉक्टरांना दाखवा ना."

"वहिनी, मोबाईल बघून बघून होतं ते. सगळ्यांनाच होतं!"

सासूबाई एकदम म्हणाल्या, "माज्या पोराच्या अंगात खोट काढू नको, सुचिता. एक गेला तो पुरे हाय."

मला गप्प बसणं चांगलं जमतं.

४ नोव्हेंबर

ऑफिसात आज एका मुलाच्या दाखल्यावर जन्मतारखेऐवजी सहा डिसेंबर लिहिलं. फाडावा लागला.

७ नोव्हेंबर

भाऊजींना खरंच अडवायचं तर नुसतं 'दाखवा' म्हणून चालणार नाही. का, ते सांगावं लागेल. ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणारच — तुला कसं माहीत?

आणखी चार दिवस आहेत.

१० नोव्हेंबर, रविवार

भाऊजींनी कोयत्याला धार लावली. तो दोनदा हातातून सुटला. दुसऱ्यांदा पायाजवळ पडला. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून! अगदी तसंच बघायचे हेही.

मी आज सांगणार होते. पूनम भाजी निवडत बसली होती, सासूबाई ओटीवर. दोनदा उठले. दोनदा आत आले.

११ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं.

सकाळी आठला सगळे वाडीत. नारळ फुटला. भाऊजींनी पायात दोरीचा वळसा घातला आणि पहिल्या पोफळीला हात लावला. मी ऑफिसची साडी नेसून तयार, पर्स खांद्याला. तशीच पुढे गेले आणि त्यांचं मनगट धरलं. दिराचं मनगट, सगळ्यांसमोर!

"चढू नका. खोड ओलं नव्हतं."

भाऊजी म्हणाले, "काय वहिनी?"

"हे पडले तेव्हा खोड ओलं नव्हतं. ह्यांच्या बोटांत जीव नव्हता. महिनाभर मी बटणं लावत होते. मला माहीत होतं."

मी पर्समधून किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "डोळे मिटा. काय आहे ते बोटांनी सांगा."

त्यांनी डोळे मिटले. बोटं फिरवत राहिले. किल्ली खाली पडली तरी फिरवतच होते.

पूनम रडायला लागली. तुळशीरामकाका म्हणाले, "उतर रे दोरीतून. उतर आधी."

सासूबाई माझ्यासमोर आल्या. "तुला ठाव व्हतं? आनि तू त्याला झाडावर धाडलास?"

"हो."

"बटनं लावून धाडलास?"

"हो, आई."

त्या थुंकल्या नाहीत, मारलं नाही. नुसत्या वळल्या आणि घरात गेल्या. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर

भाऊजींची तपासणी झाली. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, मज्जारज्जू दोन ठिकाणी चांगलाच दाबला गेला आहे. दोघा भावांची पोकळी जन्मापासूनच अरुंद असणार. भाऊजींना एक साधा झटका पुरे होता, पडायचीही गरज नव्हती. मुंबईला ऑपरेशन. "वेळेवर आलात," म्हणाले.

मग फाईलमधलं ह्यांचं नाव पाहून माझ्याकडे वळले. "हेही वेळेवर आले असते तर..."

सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं.

१९ नोव्हेंबर

भाऊजी आणि पूनम मुंबईला गेले. घरात आम्ही दोघी.

सासूबाई माझ्या हातचं खात नाहीत. मागच्या पडवीत दोन विटांवर वेगळी पेज शिजवतात. आज बाजारातली नीराबाई मासे घेऊन आली, तर तिला मोठ्याने म्हणाल्या, "माज्यापुरतंच दे. माजं दुसरं कोन न्हाय घरात."

नीराबाई माझ्याकडे बघत राहिली. मी तिला पाणी दिलं.

त्यांचं चुकत नाही. माझ्याशी कोणी नीट बोललं तरच मी कोसळेन.

२६ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. पाच तास. अजून काही सांगत नाहीत. बोटं हलतील की नाही, ते आठवड्याने.

सासूबाईंना दारात उभं राहून सांगितलं. पाठ वळवून ऐकलं.

२९ नोव्हेंबर

फोन नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

पूनमचा फोन आला. भाऊजींनी आज स्वतः चमचा धरला! अर्धी वाटी वरणभात खाल्ला, सांडला थोडा.

मग तिचा आवाज बारीक झाला. "ताई, एक सांगू? डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, भावाला कधीपासून त्रास होता. मला वाटलं हे म्हणतील माहीत नाही. हे म्हणाले, गणपतीपासून. अडकित्ता दाबता यायचा नाही मोठ्या भावोजींना. आई त्यांना रोज सुपारी कातरून द्यायच्या, मागच्या पडवीत, कुणाला न दिसता. ह्यांनी पाहिलं तर आई म्हणाल्या, बोलू नको कुठे, वाडीत हसतील. सुचितालाही नको सांगू."

गणपती. म्हणजे गेल्या वर्षी दिवाळीच्या, माझ्या बटणांच्याही दोन महिने आधी.

"ताई? ऐकताय ना?"

"हो," म्हणाले. "भाऊजींना आराम करू दे."

सासूबाई देवळात गेल्या होत्या. मोरीत दोघींची भांडी पडली होती, माझी अलीकडे, त्यांची पलीकडे. मी पदर खोचला, बसले आणि सगळी एकत्र घासली.