हिरवट निळी भिंत

अण्णा, आज बेळ्ळंदूरच्या एका तळघरात उतरून आले आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे मी काय करणार हे तुम्हाला कळलंच नाही. मी इमारतींच्या काँक्रीटचं मिश्रण ठरवते, आणि त्यात तुमच्या भट्टीतला मळ घालते.

तुम्ही त्याला मळच म्हणायचात. पोलाद कारखान्यात लोखंडाकडची माणसं तोऱ्यात असायची. तुम्ही मात्र भट्टीतून वाहत येणाऱ्या त्या मळावर, म्हणजे स्लॅगवर, पाणी मारून त्याचे वाळूसारखे कण करायचात. एकदा मी शाळेत सांगून आले की माझे वडील लोखंड करतात. स्वयंपाकघरात जेवताना तुमच्या कानावर आलं आणि तुमचा हात थांबला. ''लोखंड दुसरे करतात. मी मळ बघतो. तसंच सांगायचं. लाज कसली?'' मला रडू फुटलं. मग घरच्यांना कारखाना दाखवायचा दिवस आला तेव्हा तुम्ही मला नेलंत. लालभडक धार पाण्यात पडतेय, वाफेचा लोट उठतोय, माझा हात तुमच्या मुठीत आहे, आणि तुम्ही ओरडून सांगताय, ''हे दळून सिमेंटात घालतात गं!''

बेळ्ळंदूरला तळ्याचं सांडपाणी जमिनीत मुरलेलं आहे, ते साधं काँक्रीट हळूहळू खातं. म्हणून तळघराच्या भिंतीसाठी मी निम्मं सिमेंट काढून स्लॅगची भुकटी घालायला लावली. साचे काढले तर भिंत हिरवट निळी! मालक धावत आले. ''मॅडम, शेवाळ धरलं का हो?'' मी म्हटलं, ''या भुकटीचा रंग आहे. हवा लागली की जाईल. स्वल्प थांबा.'' त्यातच आठवड्याची चाचणी आली, ताकद कमी. दुसऱ्या सल्लागारांनी बैठकीत सरळ सांगितलं, भिंत पाडा. मालक माझ्याकडे वळले. मी म्हटलं, ''हे काँक्रीट सावकाश घट्ट होतं. महिन्याची चाचणी होईपर्यंत वर काम चढवू नका. तेव्हाही कमी भरलं तर पाडायला मीच सांगेन.''

''एवढी खात्री कशी?'' मालकांनी विचारलं.

''माझे वडील भट्टीवर स्लॅगच्या कामाला होते.'' सगळ्यांसमोर हे बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, अण्णा.

महिना भरला. प्रयोगशाळेत आमच्या काँक्रीटचा ठोकळा यंत्राखाली ठेवला. काटा हव्या त्या आकड्याच्या पुढे गेला तरी ठोकळा फुटेना. भिंत तोवर फिकी राखाडी झाली होती. त्या सल्लागारांनी स्वतः फोन करून मिश्रणाचं प्रमाण विचारून घेतलं. मालकांनी शेजारच्या दोन्ही इमारतींना तेच वापरायला सांगितलं. आज त्या तळघरात गाड्या उभ्या आहेत, आणि मी भिंतीवरून हात फिरवला तर तळवा कोरडा.

हे लिहितेय बनशंकरी भागातल्या आमच्या घरी. लेकीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तेव्हा हा कागद कपाटातच राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी साइटवर कुणालाच ठाऊक नाही. तो ठोकळा यंत्राखाली गेला तेव्हा मी काट्याकडे बघत नव्हते. डोळे मिटून घेतले होते.