तीन हात पट्टी

उस्ताद, तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली, आणि आज लिहायला बसलो तो एका खोक्यापायी. शंभर जुने सिनेमे, पंचवीस डीव्हीड्यांवर. ज्यांच्या हक्कांची मुदत संपली, ज्यांना आता कोणी धनी उरला नाही, असले सिनेमे गोळा करून एक कंपनी घाऊक विकते. एकेक सिनेमा टपरीवरच्या चहापेक्षा स्वस्त. वाटलं, आपण फिरत्या टॉकीजच्या तंबूत दाखवलेले चारदोन तरी निघतील, म्हणून मागवला. निघाले, पण पाहून किळस आली. चौकोनी चित्र ओढून रुंद केलेलं, त्यामुळे नाजूक नायिकासुद्धा फुगलेल्या पोळीसारखी दिसते. तिच्या कानाशी कंपनीचा शिक्का, तो शेवटपर्यंत हलत नाही. वेष्टनावर ज्या नटाचं तोंड, तो आत औषधालाही नाही. एका सिनेमात सहावं रीळ पाचव्याच्या आधी लावलंय, म्हणजे माणूस आधी मरतो आणि मग त्याला साप चावतो. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. बायको म्हणाली, "चहाच्या भावात भेटलं, अन् तुमाले मढं बी टायमावरच मेलेलं पाह्यजे."

तिला काय सांगायचं? मी सातवीपुढे शाळा पाहिली नाही. मोटारी, टीव्ही, पंप, जे शिकलो ते उघडून, स्वतःच्या डोक्याने. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. फक्त फिल्म हातात कशी धरायची, एवढं एक दुसऱ्याकडून शिकलो, ते तुमच्याकडून. कडेला दोन बोटं, मधे कधी नाही. तुटली तर दोन्हीकडची एकेकच चौकट, म्हणजे एकेकच चित्र, कापायची, ब्लेडने थर खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून वीस मोजेपर्यंत दाबायचं. कापलेला तुकडा तुम्ही बिस्किटाच्या डब्यात ठेवायचात आणि प्रिंट परत करताना पेटीसोबत पाठवायचात. मी हसलो होतो एकदा, तेव्हा म्हणालात, "फेकू नोको. कोनाच्या तोंडातला शब्द असते तो."

मार्कंड्याच्या जत्रेतला तो खेळ आठवतो. वैनगंगेच्या रेतीवर तंबू, आपलं एकच मशीन, दर रिळाला दिवे लावून थांबायचं. सिनेमा तोच, ज्यात आई पोराला दारातून परत पाठवते. माझं वय बावीस. तुम्ही रात्रीच्या, इशाच्या नमाजला जाताना म्हणालात, "येतो मी, सांभाळ." तुम्ही गेलात आणि आठव्या रिळाची कडेची भोकं फाटली. पट्टी खालच्या डब्यात गुंडाळून बसली, लोक शिट्ट्या मारू लागले. मी कात्री घेतली आणि जेवढं चुरगळलं होतं तेवढं सगळं उडवलं. तीन हात. तुकडा डब्यात टाकला तर तुम्हाला दिसला असता, म्हणून रेतीत पुरला. तुम्ही परत आलात, रीळ गुंडाळताना जोड बोटाला लागला. "किती गेलं?" मी म्हणालो, दोन चौकटी. तुम्ही जोडावर अंगठा फिरवला आणि म्हणालात, "जोड चांगला हाये."

पुढचं तुम्ही भोगलं. प्रिंट वितरकाकडे परत गेली, तिथल्या तपासणाऱ्याने आईचं वाक्यच नाही म्हणून तंबूच्या मालकाला झापलं, आणि मालक सगळ्यांसमोर तुम्हाला बोलला, आता म्हाताऱ्याले दिसत नाई. तुम्ही माझं नाव घेतलं नाही. तुम्हाला तिकिटाच्या दारात बसवलं आणि मशीन मला दिलं. मी ते घेतलं. माजरीला घरी परत जाईपर्यंत सहा हंगाम तुम्ही दारात बसून तिकिटं फाडलीत.

तर परवा एकोणिसावी डीव्हीडी लावली आणि तोच सिनेमा निघाला. आई दारात येते, तोंड उघडते, आणि चित्र उडी मारतं. पोरगा एकदम रस्त्यावर. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, हरामखोरांनी इथेही कात्री चालवली. कंपनीला चार पानांची तक्रार लिहायला घेतली, प्रत्येक दोष मिनिट-सेकंदासकट. आईचा संवाद कापणारा माणूस कोणत्या लायकीचा, तेही लिहिलं, आणि शब्द जपून वापरले नाहीत. लिहिता लिहिता सिनेमा पुढे चालूच होता. आठवं रीळ संपत आलं आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात कोंबडीच्या पायासारखे तीन ओरखडे चमकले. रीळ संपतंय, दिव्यांना तयार राहा, म्हणून तुम्ही सुईने करायचात ती खूण. तुमचीच, मधली रेघ लांब. आपलीच प्रिंट फिरत फिरत कुठल्या तरी गोदामात पडली होती आणि या लोकांनी ती जशी होती तशी उतरवून घेतली. त्या सिनेमापुरता त्यांचा दोष चित्र फुगवण्याचा. कात्री माझी. आणि जोड खरंच चांगला आहे उस्ताद, पडद्यावर रेघसुद्धा दिसत नाही.

तक्रारीचं ते पान फाडलं, बाकीची तीन पाठवली. हे पत्र कुठे पाठवायचं? डीव्हीडीच्या वेष्टनात घडी करून ठेवतो. तुम्हाला तो सिनेमा तोंडपाठ होता. त्या जत्रेतल्या पुढच्या खेळांना मशीनपाशी उभ्या उभ्या ते वाक्य आलं नाही, हे तुमच्या कानाने टिपलं नसेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला पटवत आलो. एका हातात चोवीस चौकटी बसतात, हे तुम्हीच शिकवलं होतं. दोन नव्हत्या, उस्ताद. बहात्तर होत्या.