पडद्यापलीकडचा पखवाज

१६ जानेवारी ७१
साखर कारखान्याच्या कला महोत्सवाची पहिली फेरी, आमच्या शाळेत. महिला भजनी मंडळे. परीक्षक मी आणि नगरचे बुवा. मध्ये पडदा. कल्पना माझीच. कुठल्या गावचं मंडळ ते आम्हांला कळायला नको, भीड नको. प्रेक्षकही नाहीत. ग्रामसेविका कुसुमताई एकेक मंडळ आणून बसवत होत्या, नुसता क्रमांक पुकारत.

चौथं मंडळ. पखवाज असा, की बुवांचा अडकित्ता थांबला. मी म्हणाले, "हा बाईचा हात नव्हे."

बुवा लगेच म्हणाले, "पुरुष बसवलाय."

नियमाप्रमाणे मंडळात सगळ्या बायकाच हव्यात. पडदा सारून बघावं असं मनात आलं. पण नियम माझा. तोवर त्या पलीकडच्या दाराने गेल्याही.

१७ जाने.
कुसुमताईंना विचारलं. "सगळ्या बायकाच होत्या, बाई. मीच बसवल्या ना!" मंडळ घोडेगावच्या अलीकडच्या वाडीचं. कुसुमताईंचं माहेर तीच वाडी, हे मात्र शिपायाकडून कळलं. लपवलं? की मी विचारलं नाही म्हणून?

पखवाजावर सरूबाई. नवरा किसन आसपासच्या गावांत पखवाजासाठी नावाजलेला. बुवा म्हणाले, "आता आणखी काय पाहिजे? नाव उडवा, अंतिम फेरीत नको." मी दोन दिवस मागून घेतले.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "तुला ऐकायला बोलावलंय की पकडायला?"  पोळी करपली.

१९ जाने.
वाडीवर गेले. एस.टी., पुढे उसातून चालत. सरूबाई परातीत कणीक तिंबत होती. तिशीची, ठेंगणी. पखवाज खुंटीला, गवसणीत. किसन घोडेगावच्या बाजाराला बैल घेऊन गेलाय म्हणाली. दारात पुरुषाच्या वहाणा होत्या. सासऱ्याच्या असतील.

म्हटलं, जरा वाजवून दाखवता का?

"का वो बाई? त्या दिशी ऐकू न्हाई आलं?"

"ऐकू आलं. दिसलं नाही."

"मंग पडदा कुनी लावला हुता? आमी?"

कोपऱ्यातून सासू हसली. "दाव की गं. बाईंला वाटायचं, म्याच बडवला."

सरूबाई हसली नाही. "बाकीच्या मंडळांच्या घरी गेल्ता का तुमी?"

"नाही."

"त्यांचा पखवाज बरा न्हवता, म्हनून?"

 पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावतात, माझी नजर परातीकडे गेली. तिनं ओळखलं. "ही पोळ्यांची हाय. बसा, च्या टाकते."

चहा घेऊन परत. येत असेल तर दोन मिनिटं वाजवायला काय जात होतं? आणि मला कुणी म्हटलं, बी.ए. आहात ना, एक पान वाचून दाखवा, तर? वाचलं असतं? माहीत नाही. कदाचित दार दाखवलं असतं. तिनं चहा दिला. हेही संशयास्पदच वाटलं, याची लाज वाटते.

२० जाने.
बुवा: "नकार म्हणजे कबुलीच." मी म्हटलं, संशयावर नाव उडवायला मी सही करणार नाही. वाद. शेवटी मंडळ स्पर्धेत राहिलं. अंतिम फेरी सगळ्यांचीच पडद्याविना, लोकांसमोर. बुवांनी तोंड वाकडं करून सही केली. कुसुमताई समोरून गेल्या, नमस्कार भिंतीला केला.

मी सरूबाईला संधी दिली की चावडीवर उभं केलं?

२४ जाने.
अंतिम फेरी, कारखान्याचं मैदान. मळीचा वास, गर्दी. ती माझं 'बाईचा हात नव्हे' हे वाक्य गावोगाव पसरल्यानं जमलेली, निदान अर्धी तरी. वाडीचं मंडळ आलं तेव्हा मागून एकजण ओरडला, "नीट बघा रं, लुगड्यात गडी हाय का!" हशा. बुवाही हसले. मी वळून पाहिलं, पुन्हा समोर बघू लागले.

सरूबाईंनी पदर खोचला, पखवाज मांडीवर ओढला. वाजवला. कुठे चुकल्या नाहीत. हात भरीव. बाई वाजवतात, यात शंकाच नाही.

पण त्या दिवशीसारखं नाही.

हजार डोळे हातावर असल्यावर कुणाचा हात मोकळा चालेल? का तो हात खरोखरच वेगळा होता? किसन मांडवाच्या खांबाशी उभा होता, मान खाली. बोटं मांडीवर चालत होती. सवयीनं? की... बुवा कानाशी म्हणाले, "बघा." किसनकडे बघा, की काय झालं ते बघा, विचारलं नाही.

उतरताना सरूबाई माझ्यासमोर क्षणभर थांबल्या. "आता दिसलं का?" म्हणाल्या आणि गेल्या.

गुण उद्या सकाळी द्यायचे. गायन, उच्चार, ताल, भाव. वाडीचा रकाना कोराच. आठवून लिहावं म्हणून बसले. त्यांनी अभंग कोणता म्हटला, तेच आठवत नाही. मी सबंध वेळ हात बघत होते.