कितवी ओवी?

गुरुवार संध्याकाळ, मुलुंड

राग अजून उतरत नाहीये. सकाळी सोसायटीच्या पारायणात नानाकाका आईला सगळ्यांसमोर म्हणाले, "नवरा गेलेल्या बाईनं वाचायला बसू नये. पोथीतच लिहिलंय."

मी विचारलं, "कितवा अध्याय, कितवी ओवी?"

"श्रद्धेला नंबर लागतात का गं?"

लागतात! खोटारडा म्हातारा. बाबांनी मला वाचायला शिकवलं तेच ओवीच्या आकड्यावर बोट ठेवून. आकडा सांगता येत नसेल तर ते बोलणाऱ्याच्या मनातलं, असं म्हणायचे. घरी येऊन सगळे अध्याय पाहिले. कुठेच नाही. तरी धास्ती, एखादी ओवी नजरेतून सुटली असेल तर? पुन्हा पहिल्यापासून बोट ठेवून बसले.

आई म्हणाली, "सापडली तर नंबर सांग. उद्या तिथूनच वाचायला घेते."