कोबेच्या खादीची नमुनावही

मी, मालिनी श्रीराम दाबके, वय वर्षे पंचाहत्तर, मुक्काम शुगर लँड, टेक्सास, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा कागद दिला आहे. कोणाला शंका असेल त्याने आधी स्वतःची तपासून घ्यावी.

१. घर माझे नाही, मुलगा गिरीश याचे आहे. बँकेतील शिल्लक त्यालाच. शिवणयंत्र सून प्रतिमा हिला. बटण तुटले की शर्ट टाकून देणाऱ्या बाईला शिवणयंत्र देणे हा शुद्ध वेडेपणा आहे, पण दुसरी सून मला नाही.

२. पुतण्या चारुदत्त यास काहीही देऊ नये. तो ह्यूस्टनमध्ये हृदयाचा मोठा डॉक्टर आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या नव्या हॉलला तो आपल्या वडिलांचे, म्हणजे माझे मोठे दीर राजाराम यांचे नाव देणार आहे: ‘स्वदेशीव्रती राजाराम दाबके सभागृह’. हे वाचून मला ठसका लागला. माझ्याकडची कापडाच्या नमुन्यांची वही त्याला दारातल्या काचेच्या कपाटात हवी आहे. "काकू, बाबांच्या खादीचे सॅम्पल्स आहेत, डोनेट करा ना. हिस्टॉरिक आहेत!"

हिस्टॉरिक आहेतच. त्यातला एकही तुकडा खादीचा नाही.

३. १९३१ साली माझे यजमान श्रीराम आणि मी जपानात, कोबेला होतो. आपला कापूस तिकडे जाई आणि स्वस्त कापड होऊन मुंबईला परत येई. त्या कापडाची खरेदी हे करीत. मुंबईचे दुकान राजारामांचे. ते सकाळी परदेशी कापडाच्या होळीपुढे भाषण ठोकीत आणि दुपारी आम्हाला पत्र लिहीत, ‘हुबेहूब खादी दिसेल असे कापड विणवून पाठव.’ तसे शेकडो तागे गेले. पुढच्या वर्षी एका गठ्ठ्यात जपानी छापाचा कागद निघाला. राजारामांनी भर सभेत शपथ घेतली की धाकट्या भावाने आपल्याला फसवले. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. यजमान काही बोलले नाहीत. आम्ही मुंबईला परतलो तेव्हा सासऱ्यांनी दार उघडले नाही, आणि पुढे सासरे गेले तेव्हा आम्हाला साधी तारही कोणी केली नाही. १९६१ साली हे वारले, तोवर नातेवाईक यांना ‘जपानी’च म्हणत. स्वदेशीव्रतींच्या अंत्ययात्रेला मात्र बँड होता.

४. ती वही आणि तीत ठेवलेली राजारामांची सात पत्रे नात दीपा हिला. गिरीशला नाहीत. तो "आई, जाऊ दे ना, फॅमिलीत उगाच प्रॉब्लेम" म्हणत ती अॅटिकमध्ये टाकील. दीपाला मराठी वाचता येत नाही, पण ती विचारते तरी. "आजी, व्हाय डिडन्ट आजोबा से एनीथिंग?" तेव्हा मी चहा ठेवायला उठले. उत्तर आता देते.

५. जपानी विणकरांना खादी जमेना. त्यांचे सूत सरळच येई. मुद्दाम वाईट सूत काढायचे कसे, ते त्यांना कळेना. मला टकळी येत होती, तीही धड नाही. माझ्या गाठीगाठींच्या सुताची गुंडी मीच हौसेने यांच्या हाती दिली. गिरणीने माझी प्रत्येक गाठ उचलली. जपानी साहेबांनी कमरेत वाकून आभार मानले आणि मी एकोणीस वर्षांची मूर्ख बाई फुगले. राजारामांना हे ठाऊक होते. ‘तोंड उघडलेस तर तुझ्या बायकोचे नाव सभेत घेईन,’ असे सातव्या पत्रात आहे. हे भावासाठी गप्प राहिले असे सगळे समजतात. हे माझ्यासाठी गप्प राहिले, आणि मी यांना राहू दिले. हे गेल्यावरही बोलले नाही. राजारामांइतकीच लाज मला वाटायला हवी, आणि वाटते.

म्हणून दीपाने वही त्या कपाटात जरूर ठेवावी. पत्रांचे इंग्रजी भाषांतर शेजारी असावे आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहावे: कापड मागवले राजारामांनी. सूत कातले मालिनीने. शिक्षा भोगली श्रीरामांनी.

सही: मालिनी श्रीराम दाबके

साक्षीदार: उल्हास पटवर्धन (विद्यार्थी) आणि पद्मिनी कोरडे (शेजारीण). दोघांना यातून काहीही मिळणार नाही, म्हणूनच बोलावले. दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली.

शुगर लँड, १४ मार्च १९८७