कनीजचा कागद

८ जानेवारी १९३९
आज कनीजला घेऊन वकीलबाबूंकडे गेले. मी शिकवते त्या शाळेतल्या दुपारच्या साक्षरता वर्गातली ही, इथल्या मदनपुरा मोहल्ल्यातली, जरीकाम करते. नवरा सहा वर्षांपूर्वी रंगूनला गेला तो गेलाच. ना पत्र, ना खर्ची. ती आईकडे राहते. आता दीर म्हणतो, भावजय आमच्या घरची, उन्हाळ्याआधी घेऊन जाणार. क. म्हणते, "हाथ चाहिए उन्हें, मैं नहीं."
व. बाबूंनी ग्रंथ उघडून दाखवला. नवऱ्यानं तीनदा म्हटलं की निकाह सुटतो. बाईनं सोडायचं म्हटलं तर आपली न्यायालयं ऐकत नाहीत. मात्र बाईनं धर्म सोडला तर निकाह त्या क्षणी तुटतो. "दस मिनट का काम है." मुसलमान बायकांना कोर्टातून निकाह तोडता यावा म्हणून दिल्लीच्या असेंब्लीत बिल आहे, त्याचं मी विचारलं. हसले. "तब तक इनके बाल सफ़ेद हो जाएँगे."
परतताना चौकात क. थांबली. "बहनजी, झूठमूठ का भी होता है क्या, ईमान छोड़ना?"
मी म्हटलं, काग़ज़ है, बस.

११ जाने.
घरी सांगितलं. माझी थोरली बहीण अक्का मटार सोलत होती. तिच्या यजमानांनी ग्वाल्हेरला दुसरं घर केलं, तेव्हापासून आठ वर्षं ती इथेच. म्हणाली, "म्हणजे त्यांच्यात मागचं दार तरी आहे. आपल्यात भिंतच."
आई : "अक्का, तोंड आवर."
अक्का माझ्याकडे वळली. "तू दिलं असतंस का गं सुमे लिहून? घाटावर उभी राहून, की मी हिंदू नाही म्हणून?"
"सुटकेसाठी दिलं असतं."
"बी. ए. झालीस, तोंड छान चालतं."
राग आला. पण दिलं असतं, असंच अजून वाटतं.

१९ जाने.
झालं. शपथपत्राचा मसुदा मी केला, इंग्रजीत. 'स्वखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय, इस्लाम सोडत आहे.' तिला हिंदीत वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. मग कचहरीत नागरीत सही केली, मी शिकवलेली अक्षरं. 'क' अक्षराचा कान जरा मोठा आला. अंगठा नाही, सही! मला फार अभिमान वाटला. हे इथे लिहून ठेवते.

४ फेब्रुवारी
वर्गाला कोणी नाही. क. पण नाही.
संध्याकाळी तिची अम्मी शाळेच्या फाटकाशी उभी. आत या म्हटलं, आली नाही. "हमने तो लिखना सीखने भेजा था, बिटिया." एवढंच बोलली आणि गेली.

७ फेब्रु.
क. कडे गेले. तिचं ताट वेगळं केलंय. मौलवीसाहेबांनी परत कलमा पढवून घेतला, ते भले गृहस्थ, अल्ला माफ करणारा आहे म्हणाले. मोहल्ला माफ करणारा नाही. शेजारणी तिच्या हातचं पाणी घेत नाहीत.
व. बाबू म्हणतात, कलमा पढली म्हणजे कागद कच्चा झाला, निकाह तुटला असं कोर्ट धरणार नाही. आता थांबा.
आमच्या घरी मुसलमानाला पाण्याचं फुलपात्र वेगळं असतं. आज पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

२६ मार्च
कायदा झाला.
पेपर तीनदा वाचला. नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नाही, दोन वर्षं पोटगी नाही, अशी कारणं असतील तर मुसलमान बाईला कोर्टाकडून निकाह तोडून मागता येईल. धर्म न सोडता. आणि नुसता धर्म सोडून निकाह यापुढे तुटणार नाही.
दोन महिने थांबले असते तर...
व. बाबू : "किसे पता था!" मला तरी पत्ता असायला हवा होता. गेल्या साली कॉलेजच्या वादसभेत याच बिलावर बोलले होते मी. टाळ्या पडल्या होत्या. आणि वेळ आली तेव्हा बिलावर माझाच भरवसा नव्हता.

२ एप्रिल
क. ला सांगायला गेले. कारचोबावर, जरीकामाच्या चौकटीवर, वाकून टाके घालत होती. सगळं सांगितलं, माफी मागितली. सुई थांबली नाही. दोरा तोडताना म्हणाली, "तो फिर से लिखिए. इस बार ज़रा धीरे."
हसावं की काय कळेना. तीच हसली आधी.

१९ एप्रिल
अर्ज दाखल. अक्कानं रोजच्यासारखं विचारलं, काय झालं कनीजचं. सांगितलं. "आणि आमचं बिल कधी?" आई घरात नव्हती म्हणून विचारलं असेल. ती कपडे वाळत घालायला गेली.

५ मे
दिराचा जबाब आला. ही बाई खोटारडी. जानेवारीत लिहून देते मी मुसलमान नाही, एप्रिलमध्ये येते मुसलमान बायकांचा कायदा घेऊन. मग खर्ची आली नाही, हे तरी खरं कशावरून?
व. बाबूंच्या मते उपाय एकच, मी साक्ष द्यायची. कागद माझा, क. ला कळत नव्हतं, माझ्या भरीला पडून सही केली. साक्ष नसेल तर दावा जाईल आणि दीर तिला घेऊन जाईल.
मुख्याध्यापिकाबाई : "नाव पेपरात आलं तर मी कमिटीला काय सांगू?"

८ मे
माझे वडील, नाना, बालाजी घाटावरून शिष्यांचा पाठ आटोपून आले. त्यांना कोणीतरी सांगितलंच होतं.
"शहरात हवा बरी नाही. हिंदू मास्तरणीनं मुसलमान बाईचा धर्म सोडवला, हे तू भर कचहरीत सांगणार?"
"खरं आहे ना ते, नाना?"
"खरं आहे म्हणूनच म्हणतो."
जेवले नाहीत. मला शिकवण्यापायी त्यांनी भाऊबंदांचं काय काय ऐकून घेतलंय!

१३ जुलै
सुट्टीनंतर कोर्ट उघडलं. उद्या साक्ष.
व. बाबूंनी घोकून घेतलं. "कहिए, वो रो रही थी."
ती रडत नव्हती.
हे मी १९ जानेवारीला लिहिलं नाही. सही झाल्यावर कचहरीच्या पायऱ्यांवर तिनं नकाब वर केला, पेरूवाल्याला हाक मारली, मीठ लावून दोन पेरू खाल्ले. म्हणाली, "आज किसी ने मुझसे पूछा तो, कि मैं क्या चाहती हूँ." तेव्हा ते मला माझं यश वाटलं. तिनं त्या दिवशी काही सोडलं की नाही, मला माहीत नाही. भरीला पडून सही करणारी बाई अशी पेरू खात नाही. पण अम्मीनं ताट वेगळं केल्यावर रडली, तेही खरं.
रडत होती म्हटलं तर ती सुटेल. शपथेवर खोटं एकदा मी तिच्याकडून लिहवून घेतलंच आहे. आता माझी पाळी.
संध्याकाळी क. स्वतः आली. अक्कानं तिला आत बसवलं, आईकडे न बघता. मी विचारलं, काय सांगू उद्या? तिनं चटईची काडी उपसली.
"सच कहिएगा."
"पूरा?"
"आपको पता है पूरा?" म्हणाली, आणि उठली.
दहा वाजता पुकारा. व. बाबू पहिला प्रश्न तोच विचारणार आहेत : ती रडत होती का?